आबांची शुगर, भाचीची शुगर

वऱ्हाडातल्या बहुतेक घरांना शुगर ओळखीची असते. ती येते पन्नाशी-साठीला, बहुधा दुसऱ्याच कशासाठी तरी केलेल्या रक्ततपासणीतून. मग चहा फिका होतो, जेवणाआधी एक गोळी सुरू होते, फळीवर जांभळाच्या बियांच्या भुकटीची बरणी येऊन बसते आणि माणूस पहाटे कानाला मफलर गुंडाळून नांदुरा रोडने फिरायला जाऊ लागतो.

आमच्या आबांची शुगर अशीच आली होती. खामगावच्या कापूस बाजारात त्यांनी आयुष्यभर हिशेब लिहिले, पण गोळ्यांचा हिशेब कधी ठेवला नाही. आंब्याच्या दिवसांत दोन-दोन दिवस गोळी राहून जायची. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पुरणपोळीवर तुपाची धार हवीच असायची. आईने डोळे वटारले की म्हणायचे, "एका दिवसानं काय होते व?" आणि खरंच, एका दिवसाने काही व्हायचं नाही. जे व्हायचं ते पंधरा-वीस वर्षांनी झालं: पायाची जखम भरेना, नजर अधू झाली. पण घराच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की शुगरमध्ये एका दिवसाने काही होत नाही. बारावीच्या वर्षी माझ्या भाचीला मधुमेह निघाला, तेव्हा औषधोपचाराच्या वाटेत सगळ्यात आधी आडवा आला तो हाच अनुभव.

दिवाळीनंतर ती पाणी फार प्यायला लागली. रात्रीतून तीन-चारदा उठायची. पंजाबी ड्रेस अंगावर लोंबायला लागले. ताईला वाटलं, बोर्डाच्या परीक्षेचं टेन्शन. शेजारणीने दृष्ट काढून दिली. मग एके दिवशी पोटात दुखून उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि भरभर चालायला लागला, तोंडाला पिकल्या फळासारखा, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येऊ लागला. दवाखान्यात बोटाला सुई टोचली तर मीटरवर आकडा येईना, नुसतं 'हाय' आलं. साखर सहाशेच्या वर गेली की बरेचसे मीटर आकडा सोडून तेवढंच सांगतात. आई डॉक्टरांनाच विचारत राहिली, "एवढ्याशा पोरीले शुगर कशी होईन?"

प्रश्न रास्त होता. आबांना जे झालं ते आणि भाचीला जे झालं ते, हे दोन वेगळे आजार आहेत. दोन्हींत रक्तातली साखर वाढते, इतकंच त्यांचं साम्य.

धडधाकट माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते ती सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. पाच लिटर रक्त आणि दर शंभर मिलिलिटरला शंभरएक मिलिग्रॅम, असा साधा गुणाकार आहे. एका भाकरीतून त्याच्या आठ-नऊ पट साखर पोटात जाते, तरी रक्तातला हा चमचा फारसा हलत नाही, कारण स्वादुपिंडातल्या बीटा पेशी दर घासागणिक इन्सुलिन सोडत असतात आणि ते इन्सुलिन साखर स्नायूंत, यकृतात, चरबीत पोहोचवतं. आबांच्या शरीरात इन्सुलिन तयार होत होतं. पेशी त्याला नीट दाद देत नव्हत्या आणि हळूहळू स्वादुपिंड थकत होतं. हा टाइप टू. भाचीच्या शरीरात मात्र तिच्याच रोगप्रतिकारक पेशींनी बीटा पेशी शत्रू समजून मारून टाकल्या. हा टाइप वन. ही मोडतोड महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं आत चाललेली असते. बाहेर दिसते तेव्हा बहुतेक पेशी संपलेल्या असतात.

पुढचं सगळं ओळीने होतं. साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंड ती अडवू शकत नाही, ती लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान. रक्तात साखर तुडुंब, पण पेशी उपाशी, म्हणून शरीर चरबी आणि स्नायू जाळायला घेतं. म्हणून वजन उतरतं. चरबी जळताना कीटोन नावाची आम्लं तयार होतात, रक्त आम्ल होत जातं, श्वासाला तो फळासारखा वास येतो. इथपर्यंत पोहोचलेल्या मुलाला कुणी गॅस्ट्रो समजतं, कुणी न्यूमोनिया, कुणी बाहेरची बाधा. तासांच्या हिशेबाने सलाइन आणि इन्सुलिन मिळालं नाही तर मूल दगावतं. आबांचं 'एका दिवसानं काय होते' इथे लागू पडत नाही ते यामुळे. ज्याच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ शून्य आहे त्याने ते एक-दोन दिवस बंद केलं, तर तो पुन्हा त्याच खाटेवर येऊन पडतो.

आणि नेमकं बंद करावंसं वाटेल असा एक काळ या आजारात येतो. डॉक्टर त्याला हनिमून फेज म्हणतात. इन्सुलिन सुरू झालं की उरल्यासुरल्या बीटा पेशींना उसंत मिळते, त्या पुन्हा थोडं काम करू लागतात. काही आठवडे किंवा महिने इन्सुलिनची गरज एकदम उतरते. वीस युनिटवर असलेली मुलगी सहा-आठ युनिटवर येते. नेमक्या याच सुमारास कुणीतरी कुठल्या तरी गावच्या पाल्याची पुडी आणून दिलेली असते. श्रेय पाल्याला मिळतं, सुई बंद होते आणि महिन्याभरात मूल अत्यवस्थ होतं. आमच्याकडेही पुडी आली होती. ताईने ती देवघरात ठेवली आणि सुई चालू ठेवली, तेवढं बरं केलं. एरवी आबांच्या गोळ्यांवरून घरात कधी भांडण झालं नसेल इतकं त्या पुडीवरून झालं.

घरात दोषाची वाटणीही व्हायची होतीच. "आबांकडून आली," असं म्हणून आई मान खाली घालायची. ताई स्वतःला कोसायची, की लहानपणी बिस्किटं फार दिली. दोन्ही चूक. गोड खाल्ल्याने टाइप वन होत नाही. आणि आनुवंशिकतेचा हिशेब लोकांना वाटतो त्याच्या उलटा आहे. घराण्यात चालतो तो म्हातारपणाचा टाइप टू. आईवडलांपैकी एकाला तो असला तर मुलाला आयुष्यात कधीतरी होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास असते, दोघांना असला तर ७०च्या आसपास. टाइप वन वडलांना असला तर शंभरात पाच-सहा मुलांना होतो, आईला असला तर दोन-तीनच मुलांना. ज्यांना तो होतो त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरात आधी कुणालाच नसतो. तेव्हा आबांच्या शुगरची काळजी करायचीच तर ती मी आणि ताईने करावी. आम्ही दोघं चाळिशीच्या पुढे आहोत.

आबांना तरी ती का झाली? ते काटक होते, पोट सुटलेलं नव्हतं, तरुणपणी कोसभर चालत बाजाराला जायचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं याच कोड्यावर घालवली. १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण या किडकिडीत बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. पोटातच उपास घडलेलं शरीर पुढच्या टंचाईची तयारी करून येतं. मग टंचाई येत नाही, नोकरी येते, गादीवरची बैठक येते, दोन वेळचा गोड चहा येतो. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे उपासमार झाली होती. तेव्हा आईच्या पोटात असलेल्यांची पन्नाशीत तपासणी केली, तर त्यांच्यातही साखर पेलण्याची ताकद कमी निघाली.

बुलडाण्याच्या खेड्यांत हे सांगायला डच लोक आणावे लागत नाहीत. आईला १९७२चा दुष्काळ काल घडल्यासारखा आठवतो: रेशनवरचा लाल मिलो, त्याच्या तोंडात फुटणाऱ्या भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडून सोललेले हात. ज्या बाईने तो मिलो खाल्ला, तिच्यासाठी माया म्हणजे ताटात वाढलेली आणखी एक पोळी. नातीने "आजी, बस" म्हटलं की आईला ते अजून लागतं. भाची मात्र आता शहाणी झाली आहे. ती नको म्हणत नाही, आधी सांग म्हणते. पोळी एक का दोन, हे बसण्याआधी कळलं की तेवढं इन्सुलिन घेता येतं. टाइप वनमध्ये खाण्यावर बंदी नसते, हिशेब असतो. हे आमच्या घराला कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण आबांच्या शुगरने शिकवलं होतं ते फक्त 'हे वर्ज्य, ते वर्ज्य'.

आता ती शेगावला कॉलेजात आहे, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. सकाळचे आठ वाजलेले, एक पोरगी केस विंचरतेय, दुसरी कुकरची शिट्टी मोजतेय, आणि ही खाटेवर मांडी घालून दोन कुप्या पुढे घेऊन बसते. एकीतलं इन्सुलिन पाण्यासारखं नितळ, रेग्युलर, जेवणापुरतं. दुसरीतलं दुधाळ, एनपीएच, जास्त तास पुरणारं. दुधाळ कुपी ती तळहातांमध्ये सावकाश लोळवते. हलवायची नाही, फेस झाला की माप चुकतं. आधी नितळ ओढायचं, मग दुधाळ. उलटं केलं तर नितळ कुपीत दुधाळ इन्सुलिनचा थेंब जाऊन ती नासते. पोटाची चिमूट धरायची, टोचायचं, दहापर्यंत मोजून सुई काढायची. जागा रोज बदलायची, नाहीतर एकाच ठिकाणी चरबीची गाठ होते आणि तिथे टोचलेलं इन्सुलिन कधी लागतं, कधी लागत नाही. मग अर्धा तास थांबून पोहे. लेक्चर नऊला असलं की हा अर्धा तास फार महाग पडतो.

सुईच्या टोपणाचा रंग बघणं हा या विधीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो फार थोड्या घरांना ठाऊक असतो. आपल्याकडच्या कुप्यांत बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असतं. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधल्या काडतुसात ते १०० युनिट असतं आणि शंभराच्या सिरिंजचं टोपण नारिंगी. पेन बिघडलं म्हणून काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं, तर दहा म्हणून पंचवीस युनिट अंगात जातात. औषधाच्या दुकानात घाईत कुठलीही सिरिंज हातावर टेकवली जाते. दुकानदाराला टोपण दाखवायला सांगायचं, हे भाचीने आम्हाला शिकवलं.

खाण्याचा हिशेब कर्बोदकांचा असतो. किती ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट लागतं, हे माणसागणिक वेगळं. ते डॉक्टरांनी बसवून द्यायचं. त्यानंतरचा सगळा खेळ अंदाजाचा, आणि आपल्या जेवणात अंदाज सोपा नसतो. ज्वारीच्या भाकरीबद्दल आपल्याकडे अशी श्रद्धा आहे की तिच्यात साखरच नाही. साठ-सत्तर ग्रॅम पिठाच्या भाकरीत चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम कर्बोदकं असतात. पोळीपेक्षा ती पोटभर वाटते, एवढं खरं. साबुदाणा तर जवळपास निव्वळ पिठूळ. एकादशीला वाटीभर खिचडी खाऊन "आज उपास आहे" म्हणणाऱ्या माणसाची साखर रोजच्यापेक्षा वर जाते. गूळही साखरच. रंग तपकिरी असल्याने रक्ताला काही फरक पडत नाही.

शेगावात राहायचं म्हणजे कचोरी आलीच. स्टेशनापासून गावभर तिचा वास असतो, आणि अठरा वर्षांच्या पोरीने मैत्रिणींच्या घोळक्यात नुसती बघत उभं राहावं, हे मला तरी मान्य नाही. पण कचोरी फसवी आहे. मैद्याची साखर होणारच, मात्र तळणाच्या तेलामुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर दीड-दोन तासांनी न चढता तीन-चार तासांनी चढते. संध्याकाळी पाचला खाल्लेली कचोरी रात्री नऊला मीटरवर दिसते. भाचीने हे पुस्तकातून नाही, बोटाला सुया टोचून शोधलं. दोनऐवजी एक, आणि झोपण्यापूर्वी एक जादा तपासणी, असा तिने स्वतःशी तह केला आहे.

घरच्यांचं लक्ष वाढलेल्या साखरेवर असतं. तिला भीती असते ती उतरलेल्या साखरेची. आकडा ७०च्या खाली गेला की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, भूक खवळते. आणखी उतरला की मेंदूला इंधन कमी पडतं, मग चिडचिड, अडखळणारी जीभ, भलतंच बोलणं. बघणाऱ्याला वाटतं, पोरगी नखरे करतेय. मुलगा असला तर वाटतं, पिऊन आलाय. इलाज स्वस्त आहे: पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे, पाण्यात ढवळून किंवा तशीच, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असली तर पुन्हा तेवढीच. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, त्यातल्या तुपा-तेलाने साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. १०८ला फोन करून दवाखाना गाठायचा. तिच्या दोन्ही मैत्रिणींना हे पाठ आहे. खिडकीत ग्लुकोज पावडरचा डबा असतो आणि त्याला सरबतासाठी हात लावायचा नाही, हा खोलीचा एकमेव नियम आहे.

श्रावणात गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते. तिचा शेवटचा टप्पा खामगाव ते शेगाव, आणि त्या दिवशी सगळा जिल्हाच त्या रस्त्यावर पायी उतरल्यासारखा वाटतो. सोळा-सतरा किलोमीटरची वाट. मामा म्हणून मी नको म्हणालो होतो. तिने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सकाळचा डोस कमी करून दिला, दर तासाला तपास म्हणाले. चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात, त्यामुळे नेहमीचा डोसही त्या दिवशी जास्त ठरतो. रस्ताभर लोक केळी, चहा, खिचडी वाटत असतात. त्यामुळे खाण्याची उणीव नव्हती आणि ती टाळ-मृदंगाच्या गजरात व्यवस्थित पोहोचली. साखर उतरली ती पहाटे तीनला. दिवसभर रिकामे झालेले स्नायू रात्रभर रक्तातून साखर घेऊन आपली कोठारं भरत राहतात. हेही डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून गजर लावलेला होता आणि उशाशी केळं होतं.

चैत्र-वैशाखात प्रश्न वेगळा. आमचा जिल्हा घाटाने दुभागलेला: बुलडाणा, चिखली, मेहकर घाटावर, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. घाटाखाली मे महिन्यात पारा ४४-४५ला सहज टेकतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. उघडलेली कुपी २५-३० अंशांपर्यंत साधारण चार आठवडे टिकते. खोलीवर फ्रीज नाही, आणि घरमालकाच्या फ्रीजमध्ये कुणीतरी कुपी बर्फाच्या कप्प्यात सारली तर सगळंच मुसळ केरात. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळवून चालत नाही. इथे आईचं घरगुती शास्त्र कामी आलं. तिने एका मडक्यात ओली वाळू घातली, आत दुसरं लहान मडकं बसवलं, त्यात डबीत घालून कुपी ठेवली, वरून ओलं फडकं. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपून वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त, म्हणून वऱ्हाडातला उन्हाळा याला सोयीचा आणि पावसाळा गैरसोयीचा. फ्रीजशिवायही इन्सुलिन टिकतं, ही नुसती आजीबाईची समजूत नव्हे. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत दिवसा ३७ आणि रात्री २५ अंश अशा तापमानात इन्सुलिन चार आठवडे कसं राहतं, हे जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी तपासलं. २०२१मध्ये निष्कर्ष छापून आले; इन्सुलिनची ताकद टिकून होती. मात्र उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिक्कीत कुपी विसरलात, तर तिच्या भरवशावर राहू नये.

या कुपीलाही विद्यार्थ्यांचे हात लागलेले आहेत. बीटा पेशी ज्यांत असतात ती स्वादुपिंडातली पेशींची बेटं १८६९मध्ये पहिल्यांदा पाहिली पॉल लांगरहान्सने, तेव्हा तो बर्लिनमध्ये वैद्यकीचा विद्यार्थी होता. ती कशासाठी आहेत हे त्याला सांगता आलं नाही. टोरांटोत १९२१च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंगच्या हाताखाली कुत्र्यांवर प्रयोग करणारा चार्ल्स बेस्ट बावीस वर्षांचा होता. ११ जानेवारी १९२२ला चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला पहिली सुई दिली, ती फारशी लागू पडली नाही. जेम्स कॉलिपने अर्क शुद्ध करून दिल्यावर २३ जानेवारीला दिलेली लागू पडली. त्याआधी या मुलांवर एकच उपचार होता, उपासमार. जेवढं कमी खाल तेवढे महिने जास्त. लेनर्ड त्यानंतर तेरा वर्षं जगला. बँटिंगचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात, आणि आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो. शोधकर्त्यांनी पेटंट एकेका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकलं होतं.

शंभर वर्षांनंतरही खर्च हा आजाराचा अर्धा भाग आहे. सरकारी रुग्णालयात इन्सुलिन मोफत मिळण्याची सोय आहे, ते बहुधा जुन्या पद्धतीचं, आणि त्यावर माणूस उत्तम जगू शकतो. पण मोजल्याशिवाय टोचणं म्हणजे अंधारात गाडी हाकणं, आणि मोजायची एक पट्टी वीसेक रुपयांना पडते. दिवसाला चार म्हटल्या तर महिन्याला अडीच हजारांच्या घरात. दंडावर चिकटवायचा सेन्सर दोन आठवडे चालतो आणि त्याला काही हजार लागतात. ज्या घराचं वर्ष सोयाबीनच्या भावावर ठरतं, तिथे पट्ट्याच आधी कमी होतात. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने विदर्भातल्या गरीब टाइप वन मुलांना इन्सुलिन आणि तपासणीचं साहित्य पुरवण्याचं काम उभं केलं. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' याच मुलांसाठी काम करते. अशा ठिकाणी कुपीइतकीच मोलाची गोष्ट मिळते ती सोबतीची. बाकावर शेजारी बसलेली दुसरी पोरगी सहजपणे पोटात सुई घेते, हे पाहिल्यावर भाचीचं लपवणं थांबलं.

लपवण्याचं कारण आम्हीच होतो. "कुणाला सांगू नका, उद्या लग्नाचं पाहायचं," हे वाक्य घरात किती तोंडांतून निघालं असेल. नीट सांभाळलेल्या टाइप वनमध्ये शिक्षण, नोकरी, बाळंतपण सगळं होतं. लपवलेल्यात बस स्टँडवर चक्कर येऊन पडलं तरी कुणाला कळत नाही काय करायचं.

परीक्षेचे दिवस तिला अजूनही जड जातात. घाबरलं की शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं आणि यकृत साठवलेली साखर बाहेर काढतं. काहीही न खाता आकडा साठ-सत्तरने चढतो. पाळीच्या आधीचे दोन-चार दिवसही असेच. उलट, पेपर लिहिता लिहिता तो उतरलाही तर? सीबीएसईने २०१७मध्ये टाइप वनच्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, फळं आणि खाऊ नेण्याची मुभा दिली. जेईईच्या माहितीपत्रकातही मधुमेही विद्यार्थ्यांना गोळ्या, फळ आणि पारदर्शक पाण्याची बाटली चालते. भाची ही दोन्ही पत्रकं अर्जाला जोडते, सोबत डॉक्टरांचा दाखला लावते आणि कॉलेजात प्रत्येक सत्राच्या सुरुवातीलाच देऊन ठेवते. ऐन पेपराच्या सकाळी पर्यवेक्षकाशी हुज्जत घालायची वेळ येत नाही.

तिचा धाकटा भाऊ आठवीत आहे. भावंडांपैकी एकाला टाइप वन असला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास. रक्तातल्या विशिष्ट अँटिबॉडी तपासून पेशींवरचा हल्ला सुरू झालाय का हे आधीच कळू शकतं, आणि टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाने आजार सरासरी दोनेक वर्षं पुढे ढकलता येतो. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०२२मध्ये परवानगी मिळाली, किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. ताईने डॉक्टरांशी बोलून तो विचार तूर्त बाजूला ठेवला. त्याऐवजी तिने मुलाच्या वर्गशिक्षकांना आणि गावातल्या आशाताईंना चार लक्षणं सांगून ठेवली आहेत: सारखी लघवी, न भागणारी तहान, उतरणारं वजन, गळून जाणं. यांतलं काही दिसलं तर उपाशीपोटीच्या तपासणीसाठी दुसऱ्या सकाळची वाट पाहायची नसते. ही लक्षणं असताना दिवसाच्या कोणत्याही वेळी साखर दोनशे किंवा त्याहून जास्त निघाली, तर त्याच दिवशी मुलाला घेऊन दवाखान्यात जायचं असतं.